तीन पिसं आणि गजाचा बोका

तीन पिसं होती. करंगळीच्या नखाएवढी. भिंतीवरून उचलून मी ती तळहातावर घेतली आणि उन्हात धरली. आधी निळी दिसली, हात जरा हलवला तर जांभळी. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गजाचा बोका बसला होता आणि पंजा चाटून तोंड पुसत होता.

"गजा! ए गजा! बाहेर ये."

गजानन पिसाळ आमचा शेजारी. साखर कारखान्यात तो बॉयलरवर आणि मी मिलमध्ये फिटर, बत्तीस वर्षं. कामगार सोसायटीत प्लॉट शेजारीशेजारी घेतले, घरं एकाच गवंड्याकडून बांधून घेतली, आणि मधली भिंत मुद्दाम कमरेइतकीच ठेवली. चहाचा कप इकडून तिकडे देता यावा म्हणून.

तो बनियनवर बाहेर आला. अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण.

"काय झालं? साप निघाला?"

"हे बघ."

चष्मा नव्हता म्हणून त्यानं माझा हात धरून डोळ्यांजवळ ओढला. "पिसं."

"कुणाची?"

"पक्ष्याची असतील. म्हशीची नक्की नाहीत."

"साहेबांची आहेत," मी म्हणालो. "तुझ्या बोक्यानं साहेबांना खाल्लं."

साहेब म्हणजे आमच्या जास्वंदीवर येणारा पक्षी. सूर्यपक्षी म्हणतात त्याला. अंगठ्याएवढा, चोच दाभणासारखी वाकडी. सावलीत काळा दिसतो आणि ऊन पडलं की निळाजांभळा झळकतो. नाव माझ्या बायकोनं, शालननं, ठेवलं होतं. ती म्हणायची, "बघा, तुमच्या चीफ इंजिनिअरसारखाच आहे. कोट घालून येतो, प्रत्येक फुलात तोंड घालून चूक काढतो, आणि कुणाशी न बोलता निघून जातो." त्याची मादी पिवळट, मळकट रंगाची. ती बाईसाहेब.

शालन त्या श्रावणात गेली. मी सांगतोय ती सकाळ त्यानंतर सात आठवड्यांनी आली.

रेश्मानं, आमच्या मुलीनं, त्याच्या चार वर्षं आधी आईला पुण्याहून एक कॅमेरा आणून दिला होता. लांबचं जवळ आणणारा. शालन सातवी शिकलेली. रोज फोनवर रेश्माला विचारून विचारून ती तो शिकली. स्वयंपाकघराच्या खिडकीला डासांची जाळी होती, तिच्यातून फोटो धुरकट यायचे, म्हणून मी जाळीला चौकोनी भोक पाडून पत्र्याचं सरकतं झाकण बसवून दिलं. सकाळी सहा ते नऊ ती तिथं बसायची. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता फोटो काढायची.

दिवसकार्य झालं, माणसं परत गेली, आणि मी तिथं बसायला लागलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या वेळेला त्या खिडकीशी कुणीतरी बसलेलं असायचं. ते असावं, एवढंच. तिचं कार्ड मी कॅमेऱ्यातून काढून ठेवलं आणि नवीन घातलं. जुने फोटो बघायचे नव्हते. पहिल्या पंधरा दिवसांत माझ्याकडं रिकाम्या फांद्यांचे शंभरएक फोटो जमले. पक्षी उडून गेल्यावर माझं बोट बटणावर पोचायचं. मग हळूहळू जमलं. बुलबुल आला, दयाळ आला, एकदा भारद्वाज नुसता शेपटीचा आला. साहेब मात्र छान आले होते, तीन-चार वेळा.

आणि मग ते दिसेनासेच झाले. चार दिवस, आठ दिवस. नवव्या दिवशी ही पिसं सापडली.

मिलमध्ये खाली सुटा बोल्ट पडलेला दिसला, की फिटर वर बघतो. वर काहीतरी मोडलेलं असणारच. मी वर बघितलं तर बोका बसलेला.

गजा आधी हसला. "अरे, बॉयलर कुठला पक्षी धरतोय? त्याचं वय बघ की."

बोक्याचं नाव बॉयलर. कारखान्यात राखेच्या ढिगाशेजारी पिल्लू सापडलं होतं, ते गजानं डब्यातून घरी आणलं. तांबूस, गलेलठ्ठ. गजाचा मुलगा सैन्यात, सून-नातू त्याच्याबरोबर. घरात गजा, रत्नावहिनी आणि हा बोका. थंडीत तो गजाच्या दुखऱ्या गुडघ्यावर बसून घरघर करायचा आणि गजा म्हणायचा, डॉक्टरच्या मलमापेक्षा हे बरं.

"मग पिसं कुठून आली?" मी विचारलं.

"आली असतील कुठून तरी."

"कुठून तरी म्हणजे? भिंतीवर आहेत. हा भिंतीवर आहे. तोंड पुसतोय."

"तो दिवसातनं वीस वेळा तोंड पुसतो, सदा. तेवढंच काम आहे त्याला."

"एवढा एक पक्षी होता," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, समोरच्या घरातली बाई झाडू धरून थांबली. "गावभर उंदीर आहेत, घुशी आहेत. याला हाच सापडला. तिचा होता तो. हे बघ गजा, एक तर हा बोका इथं राहील, नाहीतर आपलं बोलणं राहील. काय ते ठरव."

गजानं बोलायला तोंड उघडलं. बोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. साबण वाळून त्याच्या गालावर पांढरे पापुद्रे आले होते.

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला.

त्या 'बरं'चा मला जास्त राग आला. मला भांडण हवं होतं. बत्तीस वर्षांत आम्ही कशाकशावरून भांडलो होतो, युनियनच्या निवडणुकीवरून, उधार नेलेल्या पान्यावरून. तो कधी असा माघार घ्यायचा नाही. मी पिसं काडेपेटीत घालून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्कूटर बाहेर काढली. रत्नावहिनी मागं बसल्या. त्यांच्या मांडीवर धुतलेलं पोतं होतं आणि पोत्यातून आवाज येत होता. मी खिडकीतून बघितलं. खोटं कशाला सांगू, बघितलं आणि पत्र्याचं झाकण सरकवून बंद केलं.

संध्याकाळी गजा भिंतीशी आला.

"बोका पोचवला. उंब्रजला, हिच्या भावाच्या गिरणीत. मध्ये नदी आहे, म्हणजे वाट काढत परत येणार नाही. आता बोलशील?"

"बोलतोय की," मी म्हणालो, आणि आत गेलो.

मला वाटलं होतं, बोका गेला की बरं वाटेल. दोन दिवस तसं वाटलंही. नंतर भिंतीवर कुणीच नसायचं. साहेब नाहीत, बोका नाही, आणि चहाचा कप द्यायला मी हात पुढं करत नव्हतो म्हणून गजाही नाही. तो सकाळी ओट्यावर यायचा, गुडघ्याला हातानं चोळत बसायचा आणि उठून जायचा. मी झाकणाच्या फटीतून बघायचो. कॅमेरा पक्ष्यांसाठी होता, पण बघायला लागलं की माणूसही दिसतो.

दिवाळी आली. पहिलं वर्ष, म्हणून आमच्या घरात तळण नव्हतं. अशा घरी शेजारीपाजारी फराळ आणून देतात, तसे चार डबे आले. रेश्मा दोन दिवस येऊन गेली. जाताना तिनं लोखंडी कपाटापाशी उभं राहून विचारलं, "अण्णा, आईच्या साड्या बघायच्या का? मावशीला, आत्याला एकेक..."

"राहू देत."

"उघडून वारा तरी लागू दे त्यांना."

"राहू देत म्हटलं ना."

तिनं माझ्यासाठी चार दिवसांच्या पोळ्या करून ठेवल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी रत्नावहिनी पाचवा डबा घेऊन आल्या. दारातून नाही, परसातून, भिंतीच्या बाजूनं.

"भावजी, चिवड्यात तिखट कमी घातलंय. शालनताई घालायची तसं."

"कशाला एवढं. चार डबे आलेत."

"मग हा पाचवा."

मी डबा घेतला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "गजा कसा आहे?"

"भिंत काय दोन पुरुष उंच बांधली नाही अजून कुणी. आपणच बघा की." त्या पायरीवर टेकल्या. "पक्षी येतात का?"

"बाईसाहेब येतात. आता तर दोन येतात."

"दोन?"

"दोघी बायाच. एकटी पडली बिचारी, तर दुसरी कुणी आली असेल सोबतीला."

रत्नावहिनींनी माझ्याकडं नीट बघितलं. "शालनताईची वही बघितली का तुम्ही? सगळं लिहायची ती. कुठला पक्षी कधी येतो, कधी जातो."

"नाही."

"बघा की मग."

"कपाटात आहे ती."

"कपाटाला कुलूप आहे?"

"नाही."

त्या उठल्या, पदर खोचला. "हे बघा भावजी, मला आमच्या घरात काही बोलायची बंदी आहे. म्हणून मी एवढंच बोलते. वही बघा."

मला वाटलं, बंदी म्हणजे आमच्या भांडणात पडायची बंदी. गजा तसा स्वाभिमानी. मी डबा रिकामा करून, धुऊन, दुसऱ्या दिवशी भिंतीवर ठेवला. रिकामा डबा परत देत नाहीत हे मला ठाऊक होतं. शालन असती तर दोन पेरू तरी घातले असते. मी तसाच ठेवला.

कपाट काही उघडलं नाही. पण त्या दिवसापासून त्या वहीची आठवण सुटेना. त्यात काय असणार हे मला कळत नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळत होतं. खरं सांगायचं तर तिचं अक्षर बघायची भीती वाटत होती. माणूस गेलं की त्याचा फोटो बघवतो, अक्षर बघवत नाही. निदान माझं तसं होतं.

नोव्हेंबरच्या अखेरीला कारखान्याचा भोंगा झाला. हंगाम सुरू. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी दोन बाईसाहेबांपैकी एक जास्वंदीच्या अगदी खालच्या फांदीवर आली, खिडकीपासून चार हातांवर. मी श्वास धरून सात फोटो काढले. मग खुर्चीत बसून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मोठे करून बघितले.

हनुवटीपासून पोटापर्यंत काळी रेघ होती. ऑइल गळून ओघळ यावा तशी. ती मला आधीही दिसली होती, मी मनात म्हटलं होतं, मळली असेल. पण आज खांद्यावर, पंख जिथं सुरू होतो तिथं, काहीतरी चमकत होतं. मी अजून मोठं केलं. निळं पीस. एकच. त्याच्या खाली अजून एक, अर्धवट फुटलेलं.

मी काडेपेटी आणली. तीन पिसं काढून कॅमेऱ्याच्या काचेशेजारी धरली.

तोच रंग.

बत्तीस वर्षं फिटर म्हणून काम केलेल्या माणसाला एक सवय असते. माप जुळलं की त्याला थांबता येत नाही. मी उठलो आणि कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. साड्या होत्या तशाच होत्या. वही खालच्या कप्प्यात, शालीखाली होती. वही म्हणजे आमच्या मिलचं जुनं लॉगबुक, लांबोडकं, पुठ्ठ्याचं. कोरी पानं उरली होती म्हणून मीच तिला आणून दिलं होतं. पुढची पानं माझ्या पाळीच्या नोंदींची, मागची तिची.

स्टुडिओतून काढून आणलेले फोटो खळीनं चिकटवलेले, आणि खाली पेननं मजकूर. मी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली आणि मग जमिनीवर बसलो.

पहिल्या वर्षी, सप्टेंबर. फोटो रिकाम्या जास्वंदीचा. खाली लिहिलेलं : 'साहेब आठ दिवस दिसले नाहीत. गेले बहुतेक. स्वयंपाकात लक्ष लागत नाही.'

त्याच वर्षी, डिसेंबर. 'नवीन आलेल्या बाईच्या गळ्याला काळी रेघ आहे. खांद्यावर निळा ठिपका. रेश्माला फोटो पाठवला. ती म्हणते, आई, बाई नाही ती. देवा रे, हेच साहेब! एवढे दिवस समोर बसले होते आणि मी ओळखलं नाही.'

दुसऱ्या वर्षी, सप्टेंबर. 'साहेबांचा ऑफ सीझन सुरू. कोट काढला. जुनी पिसं गळतात, भिंतीवर दोन सापडली. डिसेंबरात पुन्हा चालू.'

तिसऱ्या वर्षी नुसतं एवढंच : 'ऑफ सीझन. ह्यांना दाखवलं. छान आहे म्हणाले. बघितलं नाही.'

मला हसू आलं. खरंच आलं. तसंच झालं असणार. ती दाखवायला आली असणार, मी बातम्या बघत असणार, आणि छान आहे म्हणालो असणार.

ऑफ सीझन म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. गाळप संपलं की आम्ही अख्खी मिल उघडायचो. रोलर काढायचे, बेअरिंग काढायची, सगळीकडं सुटे भाग पडलेले. नवखा माणूस आत आला तर म्हणेल, गेला हा कारखाना, भंगारात निघाला. आणि चार-पाच महिन्यांनी तीच मिल रंग लावून चालू व्हायची. सगळं आयुष्य मी हेच केलं आणि भिंतीवरची तीन पिसं मला कळली नाहीत.

वही काखेत मारून, कॅमेरा गळ्यात अडकवून मी भिंतीपाशी गेलो. गजा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता.

"गजा."

त्यानं मान वर केली. शेंग हातातच राहिली.

"बोका निर्दोष आहे," मी म्हणालो.

त्यानं चष्मा शोधला, वही मांडीवर घेतली, आणि मी दाखवलं ते सगळं बोट ठेवून वाचलं. मग कॅमेऱ्यातला फोटो बघितला. 'बघितलं नाही' या शब्दांपाशी त्याचं बोट जरा थांबलं. वही मिटून म्हणाला,

"म्हणजे साहेब कामावर आहेत."

"आहेत."

"आणि माझ्या माणसाला तू चौकशी न करता सस्पेंड केलास. ना नोटीस, ना म्हणणं मांडायची संधी. युनियनमध्ये असतास तर मीच तुझ्याविरुद्ध गेटवर सभा घेतली असती."

"कामावर परत घेऊ त्याला."

"मागच्या पगारासह."

"मागच्या पगारासह," मी म्हणालो. "रोज पावशेर दूध. माझ्याकडून."

"चल."

"आत्ता?"

"मग काय, पेपरात जाहिरात देऊ? ए रत्ना, किल्ली आण."

रत्नावहिनी किल्ली घेऊन आल्या. गजाच्या मांडीवरची वही त्यांनी बघितली, नवऱ्याकडं बघितलं. "उघडलं का कपाट," एवढंच म्हणाल्या आणि मला त्यांचं जुनं धुतलेलं पोतं दिलं.

आम्ही दोघं सत्तरीकडं झुकलेली माणसं आणि गजाची सोळा वर्षांची स्कूटर. उंब्रजला पोचेपर्यंत दोन वेळा थांबलो, एकदा त्याच्या गुडघ्यासाठी, एकदा माझ्या कमरेसाठी. वाटेत तो हंगामाविषयी बोलत होता, यंदा ऊस किती, नवीन पोरांना बॉयलर नीट पेटवता येत नाही म्हणे. तीन महिन्यांचं बोलणं साचलं होतं. मी मागं बसून हो हो म्हणत होतो.

गिरणी चालू होती. आत सगळं पांढरं, भिंती पांढऱ्या, जाळी पांढरी, आणि रत्नावहिनींचा भाऊ दिनकर भुवयांपर्यंत पांढरा. पट्ट्याच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येईना. गजा कोपऱ्याकोपऱ्यात वाकून "बॉयलर, बॉयलर" म्हणत फिरला. ज्वारीच्या पोत्यांवर एक पांढरा बोका बसला होता, त्याच्या समोरून तो दोनदा गेला. त्या पांढऱ्या बोक्यानं एक डोळा उघडून गजाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"गजा," मी ओरडलो, "हाच आहे!"

दिनकरनं गिरणी बंद केली. एकदम शांत झालं.

"न्या बाबा न्या तुमचा पाहुणा," तो हात झटकत म्हणाला. "उंदीर पाठीवरनं जातात त्याच्या. तीन महिन्यांत एक धरला नाही. भाओजी, तुम्ही म्हणाला होता, दोन महिने सांभाळ, शेजाऱ्याचं मन ताळ्यावर आलं की नेतो. तीन होत आले. रोज दुधात भाकरी कुस्करून घालतोय मी. गिऱ्हाइकं हसतात." मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

"शेजारी," गजा म्हणाला.

दिनकर आत गेला. चहा टाकतो म्हणाला.

"भाकरी कुस्करून का?" मी गजाला विचारलं.

तो पट्ट्याच्या चाकाकडं बघत होता, जणू त्याला ते तपासायचं होतं. मी बोक्याजवळ गेलो. त्याच्या ओठाला बोट लावून वर केलं. त्यानं करू दिलं. आत गुलाबी हिरड्या होत्या. नुसत्या हिरड्या. एकही सुळा नव्हता.

"कधी गेले दात?"

"मे महिन्यात. कीड लागली होती. जनावरांच्या डॉक्टरनं काढले." गजानं पोतं झटकलं, पुन्हा झटकलं. "तू तेव्हा दवाखान्यात होतास. वहिनींपाशी. तुला कुठं बाहेरचं काही दिसत होतं."

"म्हणजे तुला त्याच दिवशी ठाऊक होतं. त्यानं पक्षी धरला नाही म्हणून."

"धरणार कशानं? चुंबन घेऊन?"

"मग मला सांगितलं का नाहीस? तोंड उघडून दाखवलं असतंस तर मिटलं असतं."

गजा ज्वारीच्या पोत्यावर बसला. बोका उठून, अंग ताणून, त्याच्या गुडघ्यावर जाऊन बसला. अजून तोंड फिरवलेलंच होतं, पण बसला.

"वहिनी गेल्यापासून तू एक शब्द वाकडा बोलला नव्हतास, सदा. रडला नाहीस, ओरडला नाहीस. दहाव्याला सुद्धा सगळ्यांना पाणी देत फिरत होतास. रत्ना मला म्हणायची, भावजींचं काही खरं नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तू ओरडलास. म्हटलं, निघू दे बोक्यावर. बोक्याला काय, तो जिथं दूध तिथं झोपतो. मी म्हटलं असतं बोका नाही, तर तू कुणावर ओरडला असतास? देवावर? त्याला काय पोत्यात घालून उंब्रजला पाठवता येतं?"

दिनकर चहा घेऊन आला. आम्ही तिघांनी चहा घेतला, बोक्यानं बशीतला. दिनकरनं बिस्किटं विचारली, गजा नको म्हणाला, मी दोन घेतली.

याला आता नऊ वर्षं झाली. गजाचा बोका त्यानंतर तीन वर्षं जगला. मधल्या काळात मी पुष्कळ फोटो काढले. त्यातले बरेच बरे आलेत, रेश्मा म्हणते एखादं प्रदर्शन भरवा. लोकांना दाखवण्यासारखं ते काय आहे मला कळत नाही. पण परवा कुणीतरी विचारलं, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कोणता, तर लग्नाचा सांगावा की मुलगी झाली तो, असा विचार करत असताना मला हा परतीचा प्रवास आठवला.

पोतं लागलंच नाही. बोका माझ्या मांडीवर बसला, आमच्या दोघांच्या मध्ये, आणि मी एका हातानं त्याला धरलं. माझी विजार पिठानं पांढरी झाली. हायवेला लागल्यावर मला रडू आलं. जोरात आलं, थांबेना. वाऱ्यात ऐकू जात नाही असं मला वाटलं. पण गजानं स्कूटर हळू केली, कडेला घेतली, मागून येणारी उसाची ट्रॉली पुढं जाऊ दिली, आणि मागं न बघता तसाच हळूहळू चालवत राहिला. पाच-सहा मैल तरी. टोलनाका गेला, पूल गेला. मग मोठ्यानं म्हणाला,

"रत्नाला जेवायला काय करायला सांगू?"

मी बाहीनं तोंड पुसलं.

"दहीभात," मी म्हणालो.

"तुला का बोक्याला?"

"जास्त करायला सांग."